ढग, चिखल आणि टोंगळे

मृग लागायच्या आधी आठवडाभर चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत हवामानाचे अंदाज घराघरांतून निघू लागतात. आकाशात ढग धड जमलेलेही नसतात आणि बाजेवर बसलेली म्हातारी सांगून टाकते, "पानी येनार वाट्टे, टोंगळे ठनकून राह्यले." टोंगळे म्हणजे गुडघे. सुना हसतात, पण छपरावरचे कवेलू फेरायचे काम त्याच दिवशी उरकून घेतात.

म्हातारीचे म्हणणे खरे की मनाचे, याचा शोध विज्ञानाने बराच घेतला आहे आणि त्यातून निघालेले उत्तर जरा तिरपे आहे. १९६०च्या आसपास फिलाडेल्फियाच्या डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी हवा हवी तशी बदलता येईल अशी एक बंद खोली तयार करून घेतली आणि संधिवाताच्या रुग्णांना तिच्यात राहायला ठेवले. नुसता हवेचा दाब बदलला, फारसे काही झाले नाही. नुसता दमटपणा वाढवला, तरी नाही. दाब उतरला आणि दमटपणा चढला, दोन्ही एकदम, तेव्हा मात्र अनेकांचे सांधे आखडले. पाऊस येण्याआधीची हवा नेमकी अशीच असते. म्हातारीच्या बाजूने हा भक्कम पुरावा वाटतो. पण १९९६ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात डोनाल्ड रेडेलमायर आणि एमॉस ट्वर्स्की या दोन संशोधकांनी आमवाताच्या १८ रुग्णांच्या दुखण्याची १५ महिने नोंद ठेवली आणि ती हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिली. जवळजवळ सगळ्या रुग्णांची खात्री होती की आपले दुखणे हवेवर चालते. आकड्यांत तसा काही संबंध सापडला नाही. दुखले आणि ढग आले, तो दिवस लक्षात राहतो. दुखले आणि ऊन पडले, तो विसरला जातो.

यानंतरचा मोठा अभ्यास इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठाचा. दीर्घकाळ दुखणे असलेल्या हजारो लोकांनी मोबाइलवर रोज आपले दुखणे नोंदवले आणि ते जिथे होते तिथल्या त्या दिवसाच्या हवेशी ते जुळवले गेले. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आला. दमट, वाऱ्याच्या, कमी दाबाच्या दिवशी दुखणे खरोखर वाढते, पण किती? साध्या दिवशी शंभरात पाच जणांना जास्त दुखत असेल, तर अशा वाईट दिवशी सहा जणांना. म्हणजे म्हातारी खोटे बोलत नव्हती. मात्र हवेचा वाटा पाचाचे सहा होण्याइतकाच आहे.

मग इथला जुलै सांध्यांना एवढा जड का जातो? माझ्या मते याचे उत्तर आकाशापेक्षा धानाच्या बांधीत शोधावे. या दोन जिल्ह्यांत ऋतू बदलतो म्हणजे तापमापीचा पारा हलतो एवढेच नसते. माणसाचे काम बदलते, बसण्याउठण्याची रीत बदलते, झोप, पाणी, डास आणि दवाखान्याचा रस्ता, सगळेच बदलते. दुखण्याचे पंचांग या सगळ्यांचे मिळून असते. त्यातले ढग आपल्या हातात नाहीत. बाकीच्यांपैकी बरेच काही आहे, अट एकच की हालचाल ऋतूच्या आधी सुरू करावी लागते.

पाऊस स्थिरावला, चिखलणी झाली आणि पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटण्याजोगे झाले की रोवणी सुरू होते. कंबरेत पूर्ण वाकून, गुडघे अर्धवट मोडून, पोटरीभर चिखलात मागे मागे सरकत दिवसभर रोपे लावायची. एकराच्या ठरलेल्या दराने टोळी लागली असेल तर कंबर सरळ करायलाही उसंत नसते. चिखलातून प्रत्येक पाऊल उपसून काढताना गुडघ्यावर जो पीळ पडतो तो सपाट रस्त्यावर मैलभर चालून पडत नाही. हे काम बहुतांश बायकांचे, आणि त्यातल्या कित्येक पन्नाशी-साठीच्या असतात.

शहरातला डॉक्टर गुडघेदुखीला पहिला सल्ला देतो तो वजन उतरवण्याचा. चंद्रपूर-बल्लारपूरच्या वसाहतींत तो लागूही पडतो. पण रोवणीच्या टोळीतल्या बाईला तो सांगणे म्हणजे थट्टा आहे. तिच्या अंगावर उतरवायला वजनच नसते. तिचे गुडघे झिजतात ते उकिडवे बसण्याने, ओझ्याने आणि वाकण्याने. चीनमध्ये झालेल्या एका गाजलेल्या तुलनेत बीजिंगच्या साठीपुढच्या बायकांचे गुडघे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या बायकांपेक्षा जास्त झिजलेले निघाले, आणि त्या अमेरिकी बायकांइतक्या स्थूल नव्हत्या. ज्यांनी तरुणपणी दिवसाचे तासन्‌तास उकिडवे बसून काढले होते त्यांच्यात ही झीज अधिक होती. खुब्याचे सांधे मात्र बीजिंगमध्ये कितीतरी चांगले होते.

झिजलेल्या गुडघ्याला आधार देतो तो मांडीचा पुढचा स्नायू. तो बळकट असला तर झीज तितकीच राहूनही दुखणे कमी होते, हे आता निर्विवाद आहे. व्यायाम अगदी साधा आहे. बाजेच्या कडेवर पाय सोडून बसायचे, एक पाय सरळ करून ताणायचा, दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा आणि हळू खाली आणायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. फरक पडायला दीड-दोन महिने लागतात. म्हणून हा व्यायाम वैशाखात सुरू व्हायला हवा. रोवणीच्या दिवसांत गुडघा सुजल्यावर तो सुरू करणाऱ्याला वाटते की व्यायामानेच दुखणे वाढले, आणि मग तो कायमचा सुटतो.

रोवणीतही थोडी फिरवाफिरव करता येते. ज्या बाईचे टोंगळे धरलेले आहेत तिने सलग रोप लावण्याऐवजी काही वेळ पऱ्ह्यांच्या पेंढ्या पोहोचवाव्यात, काही वेळ बांधावर बसून त्या सुट्या कराव्यात. एकाच ठेवणीत तीन तास राहणे सांध्याला जेवढे नडते तेवढे आलटून-पालटून केलेले काम नडत नाही. काही शेतकरी आता आवत्या पद्धतीने थेट बी फेकून धान घेतात, कुठे रोवणी यंत्र येते. त्यामागचा हेतू मजुरी वाचवण्याचा असतो, पण गुडघ्यांनाही तो पावतो.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. सांधा दुखतो म्हणजे संधिवातच, हे या मुलखात गृहीत धरता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये घरोघर फिरून सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी साधारण १८ टक्के लोकांना असे काही ना काही दुखणे निघाले. त्यात खरा आमवात, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्यांवर उलटते तो आजार, अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. बाकीचे झीज, पाठ, मान, खांदा आणि ज्याला नेमके नाव देता येत नाही असे. भिगवणची ही विभागणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या या झाडीपट्टीला जशीच्या तशी लावता येत नाही, कारण इथे आणखी काही गोष्टी सांध्यांत येऊन बसतात.

पहिली पाण्यातून येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. वर्षानुवर्षे त्याहून बरेच अधिक फ्लोराइड पोटात गेले तर ते हाडांत साठते, मणक्याचे बंध कडक होतात, मान वळत नाही, कंबर वाकत नाही. वरून हे सगळे वातासारखेच दिसते. गावातल्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतील आणि मोठ्यांच्या कंबरा ताठ असतील, तर तेल चोळत बसण्याआधी हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि त्याचे प्रमाण उलट वाढते. तुरटी आणि चुन्याने ते काढण्याची 'नालगोंडा' पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनेच विकसित केली आहे. तरी सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या स्रोताचे पाणी पिणे.

दुसरी रक्तातून येते. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, तेव्हापासून विदर्भाचे नाव या आजाराशी जोडलेले आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य कळा येतात. या कळा थंडीने, भिजण्याने, तापाने आणि पाणी कमी पडल्याने उठतात. ऋतू आणि दुखणे यांचे नाते सगळ्यांत पक्के कुठे असेल तर ते इथे आहे. रोवणीत दिवसभर ओल्या कपड्यांनी राबणे सिकलसेलच्या रुग्णाने टाळलेच पाहिजे. पंचविशीतला मुलगा लंगडू लागला, खुब्यात दुखते म्हणाला, तर त्याला वात ठरवून मोकळे होऊ नये. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेतल्यास कळांचे हल्ले खरोखर कमी होतात.

तिसरी डासांनी येते. २००६ मध्ये चिकुनगुन्याची जी साथ आली तिच्यात देशभर सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्राला तिचा मोठा फटका बसला. ताप आठवड्यात उतरतो, पण मनगटे, घोटे आणि बोटे काहींची महिनोन्‌महिने दुखत राहतात. पोळ्याच्या सुमारास घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी ताप आणि सांधेदुखी झाली असेल, तर डोळ्यांसमोर चिकुनगुन्या आधी यावा. हा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, त्यामुळे रांजण आठवड्यातून एकदा कोरडा करणे हाही सांध्यांचाच उपचार म्हणायला हरकत नाही. चौथे कारण कुष्ठरोग. त्याच्या प्रतिक्रियेत हातापायांचे सांधे आमवातासारखेच सुजतात. कातडीवर बधिर चट्टा असेल तर तो डॉक्टरला आपणहून दाखवावा.

आता खऱ्या आमवाताकडे. सकाळी उठल्यावर बोटे तासभर वळत नाहीत, दोन्ही हातांचे तेच तेच सांधे सुजतात, आणि हालचाल केली की दुखणे वाढण्याऐवजी थोडे सैलावते. झिजेच्या दुखण्यात आखडलेपणा दहा-पंधरा मिनिटांत जातो आणि कामाने दुखणे वाढते. हा फरक घरच्या घरी ओळखता येतो, आणि तो ओळखणे फार मोलाचे आहे, कारण आमवातात पहिले काही महिने हातचे गेले की सांधे वाकडे होऊ लागतात. वाकडा झालेला सांधा औषधाने सरळ होत नाही. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. तिथले बरेच लोक उपचारांसाठी नदी ओलांडून तेलंगणात जातात. एवढी पायपीट नुसत्या झिजेसाठी करू नये. सकाळी तासभर आखडणाऱ्या बोटांसाठी एकदा तरी करावी.

आमवाताच्या औषधांत एक इथल्या लोकांच्या ओळखीच्या कुळातले आहे. क्लोरोक्विन गडचिरोलीला शिकवावे लागत नाही. राज्यात मलेरियाचा सर्वाधिक त्रास असलेल्या जिल्ह्यांत तो मोडतो. त्याचेच भावंड हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आमवातात दिले जाते. दुसऱ्या महायुद्धात मलेरियाच्या गोळ्या घेणाऱ्या सैनिकांपैकी काहींचे सांधे बरे वाटू लागल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले, तिथून या औषधांचा हा दुसरा उपयोग पुढे आला. मुख्य औषध मात्र मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर ती जिवावर बेतू शकते, आणि अशा चुका जगभर झाल्या आहेत. 'सोमवारी घ्या' असे सांगण्यापेक्षा 'बाजाराच्या दिवशी घ्या' असे सांगावे, असे मला वाटते. ज्या गावात आठवडी बाजारावरच आठवडा मोजला जातो तिथे तो दिवस कोणी विसरत नाही.

याच गोळीची दुसरी अट दारूची. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती. पण मोहाची दारू घरात, सणात, पूजेत असतेच, आणि डॉक्टरने "दारू पिता का?" विचारले की बंदीच्या जिल्ह्यातला रुग्ण साहजिकच "नाही" म्हणतो. मेथोट्रेक्सेट आणि दारू दोन्ही यकृतावर पडतात. तेव्हा हा प्रश्न डॉक्टरने नीती बाजूला ठेवून विचारावा आणि रुग्णाने खरे उत्तर द्यावे. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून जुना खोकला असेल तर क्षयाची तपासणी आधी व्हावी.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. म्हणूनच दुर्गम गावांच्या रेशन दुकानांत पावसाळ्याआधीच काही महिन्यांचे धान्य भरून ठेवण्याची पद्धत आहे. गोळ्यांचेही तसेच करावे. मे महिन्याच्या तपासणीत डॉक्टरला मोकळेपणाने सांगावे की जुलै-ऑगस्टात येता येणार नाही, आणि तेवढा साठा मागून घ्यावा. जे रुग्ण प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड रोज घेतात त्यांच्यासाठी तर हे फारच गरजेचे, कारण ते औषध एकाएकी बंद पडले तर रक्तदाब कोसळू शकतो. पुरात अडकलेल्या गावात हे कोणालाच परवडणारे नाही.

दिवाळीनंतर धान कापणी येते, परत वाकणे येते, आणि पहाटेचा पारा झरझर उतरतो. थंडीत स्नायू ताठतात, सांध्यातले वंगण दाटते आणि माणूस हालचाल कमी करतो. त्यातले तिसरे कारण मला सर्वांत मोठे वाटते. गोधडीतून उठण्याआधी आत पडल्या पडल्याच घोटे फिरवावेत, गुडघे पोटाशी घेऊन सोडावेत, मुठी उघडाव्या-मिटाव्यात. मग कोमट पाण्याने हात धुवावेत. शेकोटी चांगलीच, पण मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्याने तिच्यापासून दूर बसावे. त्याला चटका कळतच नाही. तव्यावर गरम केलेल्या मिठाची पोटली झिजलेल्या, आखडलेल्या सांध्याला उत्तम. लाल, गरम, सुजलेल्या सांध्याला मात्र शेक देऊ नये, तिथे थंड पाण्याची घडी बरी.

आणि थंडीतच तर झाडीपट्टीचे नाटक असते. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव जातात, रात्री दहाला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो, मंडपात खाली दव आणि वर धुके. सांध्यांसाठी हा सारा प्रकार वाईटच. तरी नाटकाला जाऊ नका असे सांगणारा डॉक्टर मला मान्य नाही. दीर्घ दुखण्यात माणूस एकटा पडला की दुखणे वाढते, आणि इथे वर्षभराची करमणूक या तीन-चार महिन्यांतच असते. खुर्चीचे तिकीट काढावे, पायांत मोजे घालावेत, प्रत्येक अंकानंतर उठून मंडपाबाहेर एक फेरी मारावी. सकाळी थोडे जास्त आखडेल, ते सोसावे.

उन्हाळा सांध्यांना मोकळा वाटतो. हवा कोरडी असते, ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पावसाळ्यात कण्हणारे लोक मार्चमध्ये मोहफुले वेचायला पहाटेच रानात असतात. ते वाकणे झाडाखाली जाळी किंवा जुने लुगडे अंथरून पुष्कळ कमी करता येते. मेमध्ये तेंदूपत्ता: सकाळी पाने तोडायची, दुपारी जमिनीवर बसून त्यांचे पुडे बांधायचे. बांधताना पाटावर किंवा ठेंगण्या खुर्चीवर बसले तरी गुडघे पूर्ण मुडपत नाहीत. पण या ऋतूचा खरा धोका गुडघ्यात नसून गोळीत आहे.

डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकाने मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह कमी होतो. पाणी पुरेसे पिणाऱ्या माणसाला ते बहुधा चालून जाते. घामाने आटलेल्या शरीरात तीच गोळी मूत्रपिंड बंद पाडू शकते. याच औषधाची एक कथा या जंगलांत सर्वांना ठाऊक असायला हवी. १९९०च्या दशकापासून भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. २००४ मध्ये कारण सापडले: गुरांना टोचलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होते, मूत्रपिंडे निकामी होऊन युरिक ॲसिडचा पांढरा थर त्यांच्या आतड्या-काळजावर चढत होता. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली; माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात होत्या म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद करून इंजेक्शन ३ मिलिलीटरच्या कुपीतच ठेवले. गडचिरोलीच्या वनखात्याने उरल्यासुरल्या गिधाडांना सुरक्षित मांस मिळावे म्हणून 'उपाहारगृहे' काढली. माणसाचे शरीर हे औषध गिधाडापेक्षा कितीतरी चांगले पचवते, यात शंका नाही. पण तेंदूपत्त्याच्या हंगामात दिवसाला तीन गोळ्या, त्याही उपाशीपोटी आणि पाण्यावाचून, हा हिशेब माणसालाही झेपत नाही. गुडघ्याच्या झिजेत याच औषधाचे मलम चोळले तर बरेच काम भागते आणि रक्तात फारच थोडे उतरते. गोळीची वेळ त्यानंतरची.

युरिक ॲसिडवरून आठवले. उन्हाळ्यात पाणी आटले आणि वर दारू झाली की पायाचा अंगठा रात्रीतून लालबुंद सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, तो गाऊट. त्यात कडधान्ये सोडण्यापेक्षा दारू सोडणे आणि पाणी वाढवणे अधिक उपयोगाचे.

जडीबुटीबद्दल लिहावे तेवढे थोडे, कारण औषधांचे रान दाराशीच आहे. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, करंजाचे किंवा मोहाच्या बियांचे तेल, यांनी चोळण्यात काही गैर नाही. चोळण्याचा आणि उबेचा गुण खरा असतो. सालईच्या डिंकाची तर २००३ मध्ये नागपुरात रीतसर चाचणी झाली. गुडघ्याची झीज असलेले ३० रुग्ण, कोणाला डिंकाचा अर्क आणि कोणाला नुसतीच दिसायला तशी गोळी, आठ आठवड्यांनी अदलाबदल. अर्काने दुखणे आणि सूज उतरली. ३० हा आकडा लहान आहे, त्यावरून फार मोठे बोलू नये, पण आपल्याच डोंगरातल्या झाडाची अशी परीक्षा व्हावी हे चांगलेच. बिब्ब्याचे मात्र तसे नाही. सांध्यावर बिब्बा लावणे किंवा तापल्या लोखंडाचा डाग देणे याने जुने दुखणे काही काळ नव्या जखमेच्या मागे दडते, बाकी काही नाही. सर्वांत वाईट त्या पुड्या, ज्या बाजारात 'वाताचे औषध' म्हणून मिळतात आणि दोन दिवसांत माणसाला पळायला लावतात. एवढ्या झटपट गुण आला की त्यात स्टेरॉइड आहे असे समजावे. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडे पोकळ होतात.

मणक्याच्या दुखण्यासाठी गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात, मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचे तज्ज्ञ येऊन रुग्ण तपासत आले आहेत. कंबरेबरोबर पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे असे काही असेल तर शेक-मालिशीत दिवस घालवू नयेत.

दुखणे घेऊन जगण्याचे या जिल्ह्यांतले सर्वांत मोठे उदाहरण वरोऱ्याच्या आनंदवनात होते. बाबा आमटे यांचा मणका असा बिघडला होता की त्यांना बसता येत नसे. एकतर उभे राहायचे नाहीतर आडवे. १९८५च्या डिसेंबरात, ७१ वर्षांचे होत असताना, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रेला निघाले. तरुण सायकलींवर होते आणि बाबा बसमध्ये केलेल्या बिछान्यावर आडवे. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा ही दुसरी यात्राही त्यांनी केली. या कथेतले धैर्य सगळे सांगतात. मला त्यातला सुताराचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो: आसने काढून तिथे बिछाना बसवला गेला. शरीर बदलणार नव्हते, म्हणून बस बदलली.

घरातही हेच करायचे असते, आणि त्याला पैसा फार लागत नाही. चूल जमिनीवरून उचलून ओट्यावर घ्यावी. बाजेचे पाय विटांवर चढवले की उठताना गुडघ्यावर बराच कमी जोर पडतो. शौचाला बसण्यासाठी मधोमध भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची चालते. आणि काठी, जी बहुतेक लोक चुकीच्या हातात धरतात. दुखरा गुडघा उजवा असेल तर काठी डाव्या हातात हवी, आणि उजवा पाय टाकताना तीही सोबत पुढे टाकावी. काठीची मूठ मनगटाच्या उंचीला यावी, खाली रबराची टोपी असावी, आणि पावसाळ्यात ती टोपी घासून गुळगुळीत झाली आहे का, हे ढग दिसायच्या आधी पाहून ठेवावे.